अठ्ठावन्न टक्के

बारावीचा निकाल सांगताना आवाज खाली घेऊ नका. परवा इंदूरच्या राजेंद्रनगरात, आमच्याच गल्लीत, एका वहिनींनी मला थांबवलं. आधी आजूबाजूला पाहिलं, मग म्हणाल्या, "पास झाला हो भाऊजी. अठ्ठावन्न." मुलगा दोन पावलं मागे, मान खाली. चोरी करताना सापडलेलं पोर असं उभं राहतं. ह्यानं काय केलं होतं? वर्षभर शाळेत गेला, परीक्षा दिली, पास झाला. २०२३ सालचा मध्य प्रदेश मंडळाचा निकाल आठवा. नियमित बसलेल्या मुलांपैकी पंचावन्न टक्क्यांच्या आसपास पास झाली होती. शंभरातली पंचेचाळीस उंबऱ्यालाच अडली. अठ्ठावन्नवाला उंबरा ओलांडून आत आला आहे, हे त्याला घरात कोणी सांगितलेलं नाही.

"ह्याला कुठं घालू ते सांगा. पैसा फार नाही, आणि हा काही हुशार नाही."

हे त्याच्या तोंडावर. मला राग आला, पण त्या माउलीचा नाही. टक्के म्हणजेच मूल, हे आपण सगळ्यांनी मिळून तिच्या डोक्यात भरलं. जून महिन्यात घरात आलेला प्रत्येक पाहुणा पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आत टक्के विचारतो. मीही विचारलेत. ह्या वर्षापासून विचारणार नाही.

इंदूरची ओळख करून देताना आपण राऊचं आयआयएम सांगतो, १९९६ चं. सिमरोलची आयआयटी सांगतो, २००९ ची. सांगावीच. पण अठ्ठावन्नवाल्या मुलाचा त्या दोन्ही फाटकांशी संबंध नाही. त्याचा संबंध फीच्या पावतीशी आहे, घरापासून मिळणाऱ्या बसशी आहे, आणि तीन वर्षांनी हातात पडणाऱ्या कागदाला कोणी विचारेल का ह्या प्रश्नाशी आहे. शहरातली बहुतेक मुलं ह्याच रांगेत उभी असतात. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून आजचा मजकूर त्यांच्यासाठी.

सरकारनं त्याच्यासाठी काय ठेवलंय ते आधी बघू. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ ची. राज्य मंडळाचे ७० टक्के हवेत, सीबीएसईचे ८५. त्यातून इंजिनिअरिंग करायचं तर जेईईत दीड लाखाच्या आतली रँक हवी. खेड्यातल्या मुलींसाठी 'गाव की बेटी' आहे. तिथे ६० टक्के हवेत. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली: विनातारण कर्ज, व्याजात सवलत. पण क्रमवारीतल्या वरच्या निवडक संस्थांपैकी (मंजुरीच्या वेळी ८६०) एकीत प्रवेश मिळाला तरच. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, असंघटित कामगारांच्या मुलांना २०१८ ची जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना आहे. त्यात बसत असाल तर बाकी सगळं सोडून तो अर्ज आधी भरा. ह्यात न बसणारा, छोटं दुकान चालवणाऱ्या बापाचा अठ्ठावन्न टक्केवाला मुलगा ह्या प्रत्येक दारावरून परत येतो.

हुशार मुलाला मदत व्हायलाच हवी. पण दोन घरांतलं उत्पन्न सारखंच तुटपुंजं आणि एका मुलाचे बारा टक्के कमी आले, म्हणून त्याच्या बापाकडे फीचे पैसे जास्त येत नाहीत. गरिबी टक्के बघून घरात शिरत नाही. मदत मात्र टक्के बघून देतात. हा अन्याय आहे आणि तो साध्या शब्दांत अन्याय म्हणूनच सांगितला पाहिजे.

मग ह्या मुलासाठी टक्के न विचारता कोण दार उघडतं? निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या वहिनींच्या घरी तीन फोन आले. नंबर कुठून मिळाला ते कोणी सांगेना. तिन्ही खाजगी संस्थांचे. नावं मी लिहीत नाही, कारण पद्धत सगळीकडे एकच आहे. "आंटी, सीट लिमिटेड आहेत, आज बुकिंग अमाउंट भरा, उद्या फी वाढेल." फोनवरचा मुलगा त्या संस्थेचा नोकरही नसतो. प्रवेशामागे कमिशन घेणारा असतो. शंभर टक्के प्लेसमेंटचा फलक बायपासपासून गंगवाल बसस्टँडपर्यंत दिसतो. त्या शंभरात कोण धरले, कोणाला किती पगार, किती महिने टिकला, ह्यातलं काही फलकावर नसतं.

आता हिशेब मांडा. सरकारी महाविद्यालयात बीए, बीकॉमची वर्षाची फी चार आकड्यांत बसते. खाजगी विद्यापीठात बीबीएसारख्या अभ्यासक्रमाची फी पाच-सहा आकड्यांत जाते. वर कॉलेजच्या बसचे पैसे वेगळे, कारण ही संकुलं बायपासला, उज्जैन रोडला, खंडवा रोडला गावाबाहेर. परीक्षा शुल्क वेगळं, गणवेश वेगळा. तीन वर्षांत सगळं मिळून पाच लाखांचं कर्ज काढलं आणि दहा टक्के व्याजानं सात वर्षांत फेडायचं ठरवलं, तर हप्ता महिन्याला आठ हजार तीनशेच्या घरात जातो. ओळखीतल्या कुठल्याही नव्या पदवीधराला त्याचा पहिला पगार विचारा आणि त्यातून हा हप्ता वजा करा. उरलेल्या पैशात तो भाडं भरेल, की जेवेल? हा हिशेब मुलासमोर बसून, वहीत मांडावा. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला तो कळतो. आपणच त्याला पैशाच्या बोलण्यातून उठवून बाहेर पाठवतो.

सगळ्या खाजगी संस्था वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ह्या शहरात व्यापाऱ्यांच्या न्यासांनी, समाजांनी काढलेली जुनी महाविद्यालयं आहेत आणि त्यांनी पिढ्या शिकवल्या. वाईट आहे ती घाई. घाईत माणूस मान्यता तपासत नाही. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांचं प्रकरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयनं ३०८ महाविद्यालयं तपासली. साठाहून अधिक अपात्र निघाली आणि २०२४ मध्ये त्यांना टाळं लागलं. त्यावर कळस म्हणजे चांगला अहवाल द्यायला लाच घेतली म्हणून मे २०२४ मध्ये तपास करणारा अधिकारीच पकडला गेला. ह्या सगळ्यात परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. त्या वर्गांत कोण होतं? मेडिकलला न पोचलेल्या, पण लवकर नोकरीला लागून घराला हातभार लावायचा म्हणून आलेल्या मुली. साधारण गुणांच्या, साधारण घरांतल्या. त्यांची वर्षं कोणत्या योजनेतून परत मिळणार आहेत?

पुण्याचं वेडही आता बोलून टाकतो. इंदूरच्या मराठी घरात मूल बारावी झालं की आत्या, मावशी, कोणीतरी पुण्यात निघतेच, आणि "पुण्याला पाठवा" असा सल्ला येतो. पुण्यातलं नातं जपा. प्रवेशाचा हिशेब मात्र रहिवासाच्या दाखल्यावर चालतो. आपली मुलं महाराष्ट्राच्या कागदावर परराज्यातली. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागाची वेगळी सोय आहे. होळकरांबरोबर अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी माळव्यात आलेल्या घरांतल्या मुलाला तशी कोणतीही सोय नाही. वर खोलीचं भाडं, मेस, जाण्यायेण्याचं तिकीट. साधा बीकॉम करायला एवढा खर्च करून पुण्याला जाणं चूक आहे. तोच बीकॉम इथे, घरचं जेवून होतो.

इथे म्हणजे कुठे? ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. किशोरकुमार तिथेच शिकले. होळकर सायन्स कॉलेज शिवाजीराव होळकरांनी १८९१ साली सुरू केलं. भंवरकुआचं शासकीय कला-वाणिज्य महाविद्यालय आता अटलबिहारी वाजपेयींच्या नावानं ओळखलं जातं. जुलै २०२४ मध्ये राज्यातल्या पंचावन्न जिल्ह्यांतल्या 'पीएम एक्सलन्स' महाविद्यालयांचं उद्घाटन झालं ते तिथूनच. मुलींसाठी मोती तबेल्याचं माता जिजाबाई महाविद्यालय, जे सगळं गाव ओल्ड जीडीसी म्हणून ओळखतं, आणि किला मैदानाचं महाराणी लक्ष्मीबाई, म्हणजे न्यू जीडीसी. ह्या सगळ्यांपर्यंत शहराची बस जाते.

पहिल्या यादीत नाव लागलं नाही म्हणून हात झटकू नका. राज्याच्या ऑनलाइन ई-प्रवेशच्या फेऱ्यांनंतर रिकाम्या जागांसाठी कॉलेज लेव्हल काउन्सेलिंग, म्हणजे सीएलसीच्या फेऱ्या होतात. साधारण गुणांच्या मुलाला हवं ते महाविद्यालय बरेचदा तिथे मिळतं. समग्र आयडी, मूल निवासी, उत्पन्नाचा दाखला, टीसी आणि सीबीएसईवाल्यांचं मायग्रेशन एका फाइलमध्ये तयार ठेवा. ह्यातला एक कागद नसला की फेरी निघून जाते आणि मग तोच फोनवाला पुन्हा देवासारखा वाटायला लागतो.

आणि अहिल्या विद्यापीठ. हे विद्यापीठ १९६४ चं, खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरातले त्याचे स्वतःचे विभाग चांगले आणि खाजगीच्या मानानं स्वस्त. २०२२ पासून तिथल्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे प्रवेश सीयूईटीवर होतात. ह्या परीक्षेला पालक घाबरतात. मी उलट सांगतो: बोर्डात कमी पडलेल्या मुलासाठी ही दुसरी संधी आहे, कारण बारावीचे टक्के तिथे किमान पात्रतेपुरते लागतात आणि क्रम लागतो तो प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. अडचण एकच. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमाराला भरून द्यावा लागतो. निकाल लागल्यावर जागे झालात तर ते दार बंद. ज्यांची मुलं आता अकरावीत आहेत त्यांनी हे आजच कॅलेंडरवर लिहावं.

सरकारी महाविद्यालयांचं गुणगान करून मी थांबलो तर ती फसवणूक होईल. तिथली दुखणी खरी आहेत. नियमित प्राध्यापक कमी, अतिथी विद्वानांवर वर्ग चालतात, आणि त्या अतिथींना पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नसते. बऱ्याच वर्गांत मुलंच येत नाहीत. नाव महाविद्यालयात आणि देह भंवरकुआच्या लायब्ररीत, तासाच्या भाड्यावर घेतलेल्या खुर्चीत, एमपीपीएससीचं पुस्तक उघडून. पदवी हा कागद राहतो, शिक्षण कोचिंगवाल्याकडे जातं आणि वाचलेली फी तिथे भरली जाते. मग स्वस्ताईचा उपयोग काय झाला?

म्हणून महाविद्यालय निवडायची माझी रीत एकच आहे. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, मुलाला बरोबर घेऊन, तिथे जा. प्रवेशाच्या टेबलाशी थांबू नका, पुढे व्हरांड्यात जा. किती खोल्यांत शिकवणं चालू आहे ते मोजा. ग्रंथालय उघडं आहे का आणि त्यात कोणी बसलंय का ते बघा. प्रयोगशाळेतल्या टेबलावर धूळ आहे का, बोट फिरवून बघा. मुतारी बघा, मुलींची तर आवर्जून बघा. मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला विचारा, "तास होतात का रे?" तो खरं सांगतो. त्याला कमिशन मिळत नाही. प्रवेशाच्या दिवसांत तास सुरू नसतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ही फेरी बारावीच्या वर्षातल्या डिसेंबर-जानेवारीत मारायची. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो. मुलाच्या तीन वर्षांसाठी एक सकाळ काढत नाही.

पदवीच करायला हवी असंही नाही. हात चालणारं पोर असेल तर त्याला पुस्तकात कोंडू नका. नंदानगरचं शासकीय आयटीआय आहे, १९६२ पासून चाललेलं वैष्णव पॉलिटेक्निक आहे, मुलींसाठी शासकीय महिला पॉलिटेक्निक आहे. पालकांना बहुतेक माहीत नसलेली गोष्ट म्हणजे बारावी सायन्स किंवा दोन वर्षांची आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे इंजिनिअर व्हायचं दार बारावीत बंद झालेलं नाही. ते जिन्यानं चढून गाठायचं. पीथमपूरचे कारखाने तासाभराच्या अंतरावर आहेत. वाणिज्यवाल्यानं सकाळी कॉलेज करावं आणि संध्याकाळी सियागंज किंवा कपडा मार्केटमधल्या एखाद्या पेढीवर टॅली आणि जीएसटीची कामं शिकावीत. तीन वर्षांनी त्याच्याकडे पदवी असेल आणि तीन वर्षांचा अनुभवही. ज्याला घरासाठी आत्ताच कमवावं लागतं त्यानं इग्नू किंवा भोज मुक्त विद्यापीठातून शिकावं, आणि त्यात कमीपणा मानू नये.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या शेजारची आहे. होळकर कॉलेज सुरू झालं त्याच १८९१ साली, इथून वीसेक किलोमीटरवर, महूच्या छावणीत भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. १९०७ साली ते मुंबईत मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्के काढले तर अडतीसलाही पोचत नाहीत. त्या काळच्या आणि आजच्या गुणांची बरोबरी होत नाही, आणि वर्गाच्या कोपऱ्यात बसवलेल्या मुलाचे गुण कशाशीच ताडता येत नाहीत, हे मला कळतं. पण आकडा आकडाच आहे. पुढे पैशांअभावी कॉलेज अडणार असं दिसलं तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी ह्या मुलाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसमोर नेऊन उभं केलं. महाराजांनी त्याला प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ मध्ये भीमराव बीए झाले. पुढचं जगाला ठाऊक आहे.

मला ह्यात आंबेडकरांच्या थोरवीइतकंच केळूसकर गुरुजींचं काम महत्त्वाचं वाटतं. ते त्या मुलाचे काका-मामा नव्हते, जातीचे नव्हते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक मुलगा त्यांनी पाहिला, त्याच्याशी बोलले, त्याला पुस्तकं दिली, आणि वेळ आली तेव्हा त्याच्याबरोबर चालत गेले. आजच्या मेधावी योजनेच्या संगणकात त्या मुलाचे २८२ गुण भरले असते तर अर्ज पहिल्याच खिडकीवर परत आला असता.

इंदूरच्या मराठी संस्थांना म्हणून माझं थेट सांगणं आहे. आपल्याकडे संस्था कमी नाहीत. रामबागेत आहेत, राजेंद्रनगरात आहेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात आहेत. दर वर्षी गुणगौरव समारंभ होतात. नव्वदवाल्याला शाल, श्रीफळ, पाकीट. ते मूल कुठेही गेलं असतं. त्याला आपल्या पाकिटाची गरज नव्हती. समारंभ बंद करू नका. पण यंदा त्याच सभागृहात, जूनच्या एखाद्या रविवारी, दहा टेबलं मांडा. एका टेबलावर ई-प्रवेशचा अर्ज भरून देणारा, एकावर शिष्यवृत्तीचे नियम सांगणारा, एकावर बँकेतून निवृत्त झालेला कर्जाचा हिशेब मांडून देणारा, एकावर पीथमपूरला नोकरी केलेला फोरमन. निवृत्त माणसांची आपल्याकडे वाण नाही. आणि दारावर पाटी लावा: इथे टक्के विचारले जात नाहीत.

शेवटी फीबद्दल, कारण ह्या आठवड्यात बऱ्याच घरांतून पैसे निघतील. घाईत फी भरून बसला असाल तर घाबरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी नाव काढलं तर किरकोळ कपात सोडून पूर्ण फी परत मिळाली पाहिजे. त्यानंतर जसजसा उशीर, तसतशी कपात वाढत जाते. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. "ओरिजिनल जमा करा" म्हणाले तर दाखवा, पडताळू द्या आणि परत घेऊन घरी या. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

त्या वहिनींच्या मुलाला मी शेवटी विचारलं, "तुला काय करायला आवडतं?" बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, बाबांच्या दुकानाचा हिशेब मीच ठेवतो. मोबाइलवर." वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्याला घेऊन भंवरकुआला जातोय. तुमच्या गल्लीतल्या अठ्ठावन्नवाल्याला कोण घेऊन जाणार आहे?